तीन महिन्यांची बिलं आणि एक खुर्ची

घरखर्चाचा हिशोब बसवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतेय. बहुतेक लोक येतात ते हप्ते थकलेत म्हणून, नाहीतर पगार विसाव्या तारखेलाच संपतो म्हणून. ही ताई आली तेव्हा तिचा हिशोब चोख होता, वहीत सगळं लिहिलेलं, एक पैसा इकडचा तिकडे नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. म्हणाली, "मी त्या मोठ्या डिस्काउंट स्टोअरमधून सामान आणते ते चुकीचं आहे का हो? मला रात्री झोप लागत नाही यावरून." मला आधी वाटलं यात काय एवढं, पण ती खरंच रडवेली झाली होती, म्हणून म्हटलं बसूया आणि नीट बघूया. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

परिस्थिती अशी. ती हॉस्पिटलमध्ये वॉर्डात मदतनीस आहे, शिफ्ट फिरती. नवरा दीर्घ आजारात गेला, घरात दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई, कमावणारी ही एकटी. पगाराचे तीन भाग केले तर एक भाडं खातं, एक शाळा, औषधं आणि प्रवासात जातो आणि उरलेल्या एकात महिनाभराचं सामान, कपडे, लाईटबिल, सगळं. शिल्लक शून्य. कधी कधी शून्याच्या खाली.

कोपऱ्यावर एका काकांचं दुकान आहे. नवरा आजारी होता त्या सात महिन्यांत काकांनी वहीवर सामान दिलं, एकदाही आवाज चढवला नाही, उलट पोरांच्या हातात आपणहून काहीतरी ठेवायचे. नंतर बसने दोन स्टॉपवर ते मोठं स्टोअर उघडलं. पहिल्या महिन्यात ती गेली आणि बिल बघून तिला विश्वासच बसेना, मग हळूहळू सगळंच सामान तिकडून यायला लागलं. काकांकडे फक्त अडीनडीला. आणि मग तर ती काकांच्या दुकानासमोरून जायचंच टाळायला लागली, पलीकडच्या फुटपाथवरून जायची, मान खाली घालून. त्यातच कामावरचे एक सहकारी सगळ्यांसमोर बोलले की तुमच्यासारखे लोक तिथे जातात म्हणून छोटी दुकानं मरतात आणि कामगारांचं शोषण होतं. त्या सहकाऱ्यांच्या घरात दोघं कमावणारे, स्वतःचं घर. ते वाक्य तिला लागलं ते लागलंच.

मी म्हटलं, आधी बिलं आण. तिने प्लास्टिकच्या पिशवीत तीन महिन्यांची बिलं जपून ठेवली होती. ती बिलं ज्या कागदावर छापतात त्याची शाई उडते ना, तर जुन्या बिलांवरचे आकडे पुसट व्हायला लागले की ही बॉलपेनने त्याच आकड्यांवरून परत गिरवायची. ते गिरवलेले आकडे बघितले तेव्हा मला समजलं की हिला उधळपट्टीबद्दल दोन शब्द सांगायचा अधिकार मला तरी नाही. आम्ही सगळी बिलं जमिनीवर पसरली आणि काकांच्या दुकानातले त्याच वस्तूंचे भाव शेजारी लिहिले, वजनाप्रमाणे, पाकिटाप्रमाणे नाही.

निघालं ते असं. यादी करून घेतलेल्या वस्तूंवर तिची खरोखर साधारण सहावा हिस्सा बचत होत होती. हे खोटं नाही, मनाचं समाधान नाही, हे मुलीच्या बुटांचे पैसे आहेत. पण त्या बचतीतला जवळजवळ निम्मा भाग यादीत नसलेल्या वस्तूंत परत तिथेच जात होता. झाकणाचे डबे, दोनावर एक मिळतो म्हणून घेतलेला तिसरा टी-शर्ट, बिल करायच्या रांगेत हाताशी ठेवलेल्या बारीकसारीक गोष्टी. शिवाय येताना ओझं होतं म्हणून गाडी करावी लागायची, तो खर्च वहीत "प्रवास" खाली गेलेला. आणि दोन वस्तू अशा निघाल्या की पाकीट दिसायला तेवढंच, वजन कमी, म्हणजे वजनाने बघितलं तर काकांकडेच स्वस्त. ताई बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लोक पटकन म्हणतात की गरिबाला खरेदीच कळत नाही. अमेरिकेत येशिम ओरहून आणि माइक पालाझोलो या दोन अभ्यासकांनी एक लाखाहून जास्त घरांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास 2019 मध्ये छापून आला. त्यात दिसलं की कमी उत्पन्नाची घरं मोठं पाकीट आणि सेल या दोन्हींचा फायदा कमी घेऊ शकतात, कारण मोठ्या पाकिटाला एकदम पैसे लागतात आणि सेलची वाट बघायलाही हातात पैसे लागतात. पण महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असतात तेव्हा हीच घरं बरीच वेगळी खरेदी करतात. म्हणजे अक्कल असते, पैसा वेळेवर नसतो. ताईच्या बिलांतही तेच दिसलं, पगाराच्या आठवड्यातली बिलं शहाणी आणि शेवटच्या आठवड्यातली सगळी छोटी छोटी महाग पाकिटं.

आता मुख्य मुद्दा, स्वस्त का असतं ते. आजच्या डिस्काउंट दुकानांची गोष्ट बरीचशी 1962 या एका वर्षात सापडते. त्या वर्षी अमेरिकेत सॅम वॉल्टनने अर्कान्सामधल्या रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं, केमार्ट आणि टार्गेटचीही पहिली दुकानं त्याच वर्षातली, आणि जर्मनीत अल्ब्रेख्ट भावांच्या दुकानांना आल्डी हे नाव लागलं तेही तेव्हाच. सूत्र साधं, वस्तूमागे नफा थोडा ठेवायचा आणि माल भराभर फिरवायचा. त्यातून जे स्वस्त होतं त्यातला काही भाग निर्मळ असतो. मालाचे प्रकार कमी ठेवले, खोक्यातूनच माल मांडला, ट्रक रिकामा फिरू दिला नाही, तर कोणाचंच काही हिसकावलं जात नाही. पण काही भाग कोणाच्या तरी अंगावरून काढलेला असतो, पुरवठादाराला दाबून, माणसं कमी ठेवून, तास तोडून. आणि बिलावर दोन्ही एकाच आकड्यात येतात, ग्राहकाला वेगळं दिसतच नाही.

परिणामही दोन्हीकडचे आहेत आणि एकच बाजू सांगणाऱ्यांचा मला राग येतो. अर्थतज्ज्ञ एमेक बास्करने 2005 मध्ये दाखवलं की वॉलमार्ट शहरात आलं की टूथपेस्ट, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर असल्या रोजच्या वस्तूंचे भाव खाली येतात, सुरुवातीला दीड ते तीन टक्के आणि पुढे काही वर्षांत त्याहून कितीतरी जास्त. कमी पगाराच्या घराला हा दिलासाच आहे. दुसरीकडे डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलं की तिथे एक नोकरी तयार होते तेव्हा त्या भागातल्या किरकोळ विक्रीतल्या साधारण 1.4 नोकऱ्या जातात. आणि 2020 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने तपासलं तर सरकारी आरोग्य आणि अन्न मदत घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी जवळजवळ 70 टक्के लोक पूर्ण वेळ काम करणारे निघाले, आणि त्यांना नोकरी देणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांत वॉलमार्टचं नाव होतं. दिवसभर काम करूनही घर चालत नाही असे लोक. ताईसारखेच.

हे मी तिला सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "माझी भाची तिथेच काऊंटरवर आहे." पुढच्या वेळी तिला घेऊनच आली. बावीस-तेवीसची मुलगी, ड्युटी संपवून थेट आलेली. आत आली आणि आधी बूट काढले, मग मोजे खाली केले. घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकचा खड्डा पडलेला, चारी बाजूंनी, आणि त्याच्या वर पाय टम्म सुजलेला. तिने अंगठ्याने दाबून दाखवलं तर दाबलेली जागा बराच वेळ तशीच राहिली. अख्खी ड्युटी उभ्याने. बिल करायला उभं राहायची काही गरज आहे का, तर नाही, हाताने वस्तू सरकवायच्या असतात.

मी तिला विचारलं, तुझ्या मावशीने तिथे येणं बंद करावं का? ती लगेच म्हणाली, "नको हो. तुम्ही सगळ्यांनी यायचं बंद केलं तर आधी माझेच तास कापतील. मावशी यावीच, फक्त आम्हाला बसायला मिळालं तर बघा."

मला या उत्तराने बरंच काही शिकवलं. आपण बाहेर बसून बहिष्कार की खरेदी एवढ्या दोनच टोकांत विचार करतो आणि ज्याच्या नावाने बोलतो त्याला विचारतच नाही. बहिष्कार वाईट असं मी म्हणत नाही, कामगारांनी स्वतः हाक दिली असेल तर त्यांच्या बाजूने उभं राहायलाच हवं. पण त्यांनी न मागितलेला बहिष्कार एका विधवा बाईने एकटीने, मुलीचे बूट पुढे ढकलून करायचा, याला मी नीती म्हणणार नाही.

आणि खुर्चीचा स्वस्ताईशी संबंध नाही, हे तर उघड आहे. आल्डीचे कॅशियर बसून काम करतात आणि आल्डी काही महाग दुकान म्हणून ओळखलं जात नाही. कॅलिफोर्नियात बसायला जागा देण्याचा नियम असूनही ती दिली नाही म्हणून वॉलमार्टच्या कॅशियरनी दावा लावला होता, तो 2018 मध्ये साडेसहा कोटी डॉलरवर मिटला. त्याच वर्षी केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला, त्यामागे कोळिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतून काम करणाऱ्या बायकांची, 'पेणकूट्ट' संघटनेची वर्षानुवर्षांची लढाई होती. तमिळनाडूनेही 2021 मध्ये तसाच कायदा केला. म्हणजे मागितल्यावर मिळतं, वेळ लागतो पण मिळतं.

टी-शर्टचा प्रश्न याहून अवघड. तो काऊंटरवरच्या मुलीसारखा समोर दिसत नाही. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, 1,134 माणसं गेली, आणि आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी शिलाईच्या कामगारांना आत बोलावलं होतं. त्या इमारतीत प्रायमार्कसाठी कपडे शिवले जात होते, आणि बेनेटनसाठीही. एक अगदी स्वस्त, दुसरा त्या मानाने बराच महाग. म्हणजे जास्त पैसे मोजले की शिवणारीला न्याय मिळतो असं धरून चालता येत नाही, जास्तीचा पैसा ब्रँडकडे जातो का मशीनवरच्या बाईकडे हे लेबलवरून कळत नाही. फरक पडला तो नंतर, जेव्हा 200 हून जास्त ब्रँडना कायद्याने बांधणाऱ्या करारावर सह्या कराव्या लागल्या आणि कारखान्यांची तपासणी सुरू झाली. तो करार कामगार संघटनांच्या रेट्याने झाला, कुठल्या एका ग्राहकाने महाग शर्ट घेतला म्हणून नाही. ताईला मी एवढंच म्हटलं की पोरांना लागतात ते दोन घे आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. तिसरा मात्र फक्त स्वस्त आहे म्हणून येतो, त्याची तुझ्या घराला गरज नाही, आणि तो सोडायला तुला एक पैसाही पडत नाही. तिला हे पटलं.

आयरिस मॅरियन यंग नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञ होत्या, 2006 मध्ये गेल्या. त्यांनी नेमका शिलाई कारखान्यांच्या संदर्भात हा विचार केला होता. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं की असल्या अन्यायात आपण सगळेच कुठेतरी जोडलेले असतो, पण जोडलेलं असणं म्हणजे गुन्हेगार असणं नव्हे. आणि जबाबदारी सगळ्यांना सारखी नसते, कोणाच्या हातात किती सत्ता आहे, या व्यवस्थेतून कोणाला किती फायदा मिळतो, कोणाचं हित बदल होण्यात आहे आणि कोण चार लोक जमवू शकतो, यावर ती ठरते. या चारही गोष्टी ताईला लावून बघा. सत्ता नाही, फायदा एक षष्ठांश, हित मात्र पूर्ण कारण भाचीच तिथे उभी आहे, आणि चार लोक ती नक्की जमवू शकते, वॉर्डातल्या निम्म्या बायका त्याच दुकानात जातात. आणि हेच त्या सहकाऱ्यांना लावलं तर उत्तर वेगळं येतं, त्यांच्याकडे सोसण्याइतकं आहे. माझ्याकडेही आहे. म्हणून ताईवर टाकलेला भार मला मुळातच चुकीच्या दारात ठेवलेला वाटतो.

एवढं सगळं झाल्यावरही तिचा चेहरा काही मोकळा दिसेना. मी सरळ विचारलं, "काकांचं काय?" तेव्हा खूप वेळाने म्हणाली की वहीवरचे थोडे पैसे अजून द्यायचे राहिलेत. अगदी थोडे. बहुतेक उधारी तिने फेडली होती, शेवटची थोडीशी राहिली, मग स्टोअर उघडलं, आणि काकांकडे उधारी ठेवून रोख पैसे दुसरीकडे देतोय याची लाज वाटून ती जायचीच बंद झाली, आणि जायचं बंद झालं म्हणून पैसे आणखी राहिले. मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे होतं. तिला टोचत होतं ते स्वस्तात घेणं नव्हतंच, एका माणसाचं देणं होतं, आणि सहकाऱ्यांच्या त्या वाक्याने दोन्हीची सरमिसळ करून टाकली होती. कामगारांचं शोषण हा जगाचा प्रश्न तिच्या एकटीच्या हातून सुटणार नाही, पण वहीतली ती ओळ खोडणं तिच्या हातात होतं.

यादीबाहेरचं सामान बंद केलं तर दोन महिन्यांत ती रक्कम बसत होती. बसली. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला ती दुकानात गेली आणि म्हणाली, "काका, वही काढा." त्यांनी वही काढली, पान शोधायला बराच वेळ लागला कारण त्यांनी ते मागेच दुमडून ठेवलं होतं. पैसे मोजून घेतले, ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, "अगं पोरी, यासाठी तू रस्ता बदलत होतीस होय? मला वाटलं मीच काही बोललो की काय." तिने कबूल केलं की सामान तिकडून आणते. त्यावर काका म्हणाले, "मग काय झालं, साबण तर मी पण तिकडूनच आणतो. घाऊकवाल्याकडे मला त्याहून महाग पडतो."

हे ताईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच झाले. आख्खं दुखणं या एका वाक्यात आहे. काकांचं दुकान ताईसारख्या बायका मारत नाहीयेत, मोठ्या खरेदीदाराला कंपनी ज्या भावात माल देते तो भाव काकांना कधी मिळतच नाही. याच्यासाठी अमेरिकेत 1936 मध्येच रॉबिन्सन-पॅटमन नावाचा कायदा झाला होता, की एकाच मालाला मोठ्या आणि छोट्या दुकानदाराला विनाकारण वेगवेगळे भाव लावून स्पर्धा मारायची नाही. 1980 च्या दशकापासून तो जवळजवळ गुंडाळूनच ठेवला, मग डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने दोन दशकांहून जास्त काळानंतर त्याखाली पहिला खटला भरला. हे नियम लावायचे की नाही हे सरकारं ठरवतात, आणि आपण ताईला रात्रभर जागं ठेवतो.

सध्या असं चाललंय. पगाराच्या आठवड्यात एकदाच, यादी घेऊन, मोठ्या पाकिटांची खरेदी त्या स्टोअरमधून, शेजारीण बरोबर असते म्हणजे गाडीचे पैसे अर्धे. मधल्या दिवसांतलं लागेल ते आणि त्या दोन वस्तू काकांकडून, रोख. मुलीचे बूट झाले. वॉर्डातल्या अकरा जणींनी सह्या करून काऊंटरवर खुर्च्या द्या असा अर्ज स्टोअरमध्ये दिला. भाचीचं नाव त्यात मुद्दाम कुठेच घेतलेलं नाही, अर्ज ग्राहकांचा आहे. मॅनेजर पहिल्या वेळी म्हणाला बघतो, दुसऱ्या वेळी म्हणाला वर कळवलंय. खुर्ची अजून आलेली नाही. शनिवारी ताई तिसऱ्यांदा जाणार आहे, मीही तिच्याबरोबर जातेय, बारावी सही माझी आहे.